पोकॉकबाईंच्या शेतातला खड्डा

जयंत सोवनी निवृत्त झाले तेव्हा मीनलताईंनी त्यांना मेटल डिटेक्टर भेट दिला. नवऱ्याची आवड ओळखून दिला असं कोणी समजू नये. जयंतरावांना तशी आवडच नव्हती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावी इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी हयात काढलेला माणूस आता दिवसभर घरात बसणार, फ्रिज उघडून बघणार आणि भाजी चिरायच्या योग्य पद्धतीवर मतं देणार, एवढं मीनलताईंच्या लक्षात आलं होतं. तो घराबाहेर पडेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. गोल्फला माणसं लागतात. बागकाम त्या स्वतः करायच्या आणि त्यात त्यांना वाटेकरी नको होता. राहिला डिटेक्टर.

उपाय जरा जास्तच लागू पडला. जयंतरावांनी गावाबाहेरच्या एका डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात नाव घातलं, गमबूट घेतले, आणि हेझल पोकॉक नावाच्या सत्तरीच्या शेतकरीणबाईंकडून त्यांच्या शेतात फिरायची रीतसर परवानगी मिळवली. पोकॉकबाईंची अट एकच होती : खड्डे बुजवायचे आणि फाटक लावून घ्यायचं. त्यानंतर दर शनिवारी जयंतराव कानाला हेडफोन लावून, तबकडी जमिनीवरून डावीकडून उजवीकडे फिरवत त्या शेतात चालू लागले. मशीन पी-पी करायचं, हे गुडघे टेकायचे, खुरप्याने माती उकरायचे आणि हाताला लागेल ते खिशात टाकायचे. बंदुकीच्या गोळ्या, बटणं, चपलेची नव्हे तर बुटाची बक्कलं, व्हिक्टोरिया राणीची पेनी, ट्रॅक्टरचे नट आणि कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या. एक रोमन नाणंही मिळालं होतं. ते इतकं झिजलेलं होतं की त्यावरचा सम्राट फक्त जयंतरावांनाच दिसायचा.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पूर्वी ते लोकांना कोपऱ्यात गाठून मॉर्गेजच्या रेटबद्दल सांगायचे. आता बक्कलांबद्दल सांगू लागले. लोकांना मॉर्गेजची आठवण येऊ लागली.

या सगळ्यात एक अडचण होती, ती म्हणजे देवयानी. देवयानी ही सोवन्यांची एकुलती एक मुलगी. जन्म, शाळा, सगळं रीडिंगचं. तिला आर्किऑलॉजी शिकायची होती तेव्हा जयंतराव वर्षभर नाराज होते. जमीन उकरून कोणाचं भलं झालंय, असं ते तेव्हा उघडपणे विचारायचे. ती शिकायला एडिनबराला गेली आणि पुढे तिथेच नोकरीला लागली. बाबा आता स्वतःच जमीन उकरायला लागले आहेत ही बातमी आईने तिला फोनवर सांगितली, तेव्हा तिने ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

मग तिने बाबांना फोनवर बोलावून घेतलं आणि सुनावलं. तिच्याकडे स्कॉटलंडमध्ये असं चालत नाही. तिथे जमिनीतून काहीही जुनं निघालं, अगदी शिशाची गोळी निघाली, तरी कळवावं लागतं. आणि इकडे इंग्लंडमध्ये कायद्याने ज्याला खजिना म्हणतात, तेवढाच कळवणं सक्तीचं. बाकीचं कोणी दाखवलं तर दाखवलं, नाही तर गॅरेजमध्ये. जयंतरावांनी सापडलेल्या वस्तूंचा डबा गॅरेजमध्येच ठेवला होता, त्यामुळे त्यांनी विषय बदलून एडिनबराच्या हवेची चौकशी केली.

पुढचे कित्येक रविवार हाच वाद. मीनलताई मधे बसून स्पीकरफोन धरायच्या. त्यांना दोन्ही बाजू पाठ झाल्या. शेवटी त्यांनी ठरवलं की हे भांडण आपण एकटीने का ऐकायचं. त्या स्थानिक हिस्टरी सोसायटीच्या कमिटीवर होत्या आणि शरद ऋतूतल्या कार्यक्रमाला त्यांना विषय हवाच होता. त्यांनी जाहीर केलं : ‘डिटेक्टर वापरणाऱ्यांना लायसन्स सक्तीचं असावं का?’ बाजूने बोलायला एडिनबराहून आर्किऑलॉजिस्ट देवयानी सोवनी. विरुद्ध बोलायला क्लबतर्फे जयंत सोवनी. क्लबने जयंतरावांचं नाव आनंदाने दिलं होतं, कारण बाकी कोणालाच लोकांसमोर बोलायचं नव्हतं. समोर कोण आहे हे जयंतरावांना छापील पत्रक घरी आल्यावर कळलं. मीनलताई म्हणाल्या, पत्रकावर दोघांची नावं एकसारखी दिसतात, छान वाटतं.

सप्टेंबर संपता संपता, शुक्रवारी संध्याकाळी व्हिलेज हॉल गच्च भरला. बाप-लेकीचं जुंपणार ही बातमी सगळीकडे गेली होती. चहाच्या मोठ्या भांड्याजवळ मीनलताई किचनमधला टायमर घेऊन बसल्या होत्या. मुलीने वडिलांचा उल्लेख पूर्ण वेळ ‘मिस्टर सोवनी’ असा केला.

ती चांगली बोलली. जमिनीतून निघालेली वस्तू ही निम्मीच गोष्ट असते, असं ती म्हणाली. ती नेमकी कुठे होती, किती खोल, तिच्या शेजारी काय होतं, ही उरलेली निम्मी, आणि ती एकदा उकरली की गेली. चोरून येणारे तर वाईट आहेतच, पण खरं नुकसान चांगली माणसं करतात, कारण नांगराच्या थराखाली, म्हणजे नांगर पोचत नाही त्या मातीत, जायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. गाडी चालवायला परीक्षा लागते. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दारात शिरायला का नको?

जयंतरावही कमी पडले नाहीत. त्यांनी विचारलं की नांगर दरवर्षी फिरतो, खतं दरवर्षी पडतात, त्या वस्तू तिथे दरवर्षी कुटल्या आणि कुजल्या जातात. त्या शेतात यायला आर्किऑलॉजिस्टना कधी वेळ झाला असता? आज म्युझियममध्ये जे आहे त्यातलं कितीतरी छंदवाल्यांनीच आणून दिलंय. लायसन्स आणलं तर प्रामाणिक माणसं घरी बसतील आणि चोर तसेच फिरतील, कारण चोर कधी लायसन्स काढत नाही. यावर क्लबच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी खिशातून आपलं सर्वांत लाडकं बक्कल काढलं. पितळेचं, छोटं, वेलीची नक्षी असलेलं. ते हातोहात हॉलभर फिरलं.

मागच्या रांगेतल्या एका बाईंना ते फारच आवडलं. त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, हे कुठे मिळालं?

जयंतराव म्हणाले, पोकॉक यांच्या शेतात.

शेतात कुठे?

जयंतरावांनी आठवून पाहिलं. “डावीकडे,” ते म्हणाले.

पोकॉकबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं की कुठून बघितलं तर डावीकडे, कारण त्यांचं शेत टेकडीच्या दोन्ही बाजूंना आहे. हॉल खो खो हसला. जयंतरावही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. देवयानीने त्यावर काहीच टोमणा मारला नाही. टायमर वाजेपर्यंत ती आपल्या कागदांकडे बघत राहिली, आणि हे त्यांना हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा घेताना जयंतराव म्हणाले की आज शनिवार आहे, मी शेतात जाणार आहे, आणि आपण नुसतंच ज्याला नावं ठेवतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर कोणीही सोबत येऊ शकतं. देवयानीने आईचे गमबूट घातले.

गहू कापून झाला होता आणि शेतात नुसती खुंटं उभी होती. आकाश भरून आलं होतं, वारा मात्र नव्हता. जयंतराव आज फार जपून वागत होते. प्रत्येक सिग्नलला ते फोन काढून जागेची नोंद करायचे आणि मुलगी बघतेय ना याची खात्री करून घ्यायचे. देवयानी हात खिशात घालून मागे मागे चालत होती. पहिला तासभर नटबोल्ट आणि एक चमचा निघाला. चमचा सुपरमार्केटचा होता. तो सॅक्सन असावा, असं ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

टेकडीच्या उतारावर मशीनने वेगळाच आवाज दिला, गोल आणि स्वच्छ. जयंतरावांनी वरची माती बाजूला केली. चार बोटं खोलीवरच ब्राँझचा, कपड्याला लावायचा एक ब्रोच होता. हिरवा पडलेला, पण अख्खा, पिनेसकट. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि मुलीपुढे धरला. देवयानीने खिशातून हात काढले. तिने तो उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाली की हा रोमन काळातला आहे, बहुतेक पहिल्या शतकातला. तिचा आवाज थोडा चढला होता.

त्यांनी तबकडी पुन्हा खड्ड्यावर धरली. खाली अजून काहीतरी होतं. पण मातीचा रंग बदलला होता. वरची नांगरलेली तपकिरी माती संपून खाली पिवळसर, घट्ट माती लागली होती, आणि त्या पिवळ्या मातीत एक गोल काळपट डाग दिसत होता. डागाच्या कडेला मडक्याचा काठ होता, करंगळीएवढाच दिसणारा.

आता पुढे जे झालं ते सोवन्यांच्या घरात दोघंही थोडं वेगवेगळं सांगतात, पण मुद्द्याच्या गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. देवयानी गुडघ्यांवर बसली. तिने आधी बोटाने काठावरची माती झटकली. मग बाबांच्या हातातलं खुरपं घेतलं. फक्त काठ कुठवर गेलाय ते बघते, असं ती म्हणाली. मग म्हणाली, फक्त मडकं अख्खं आहे का तेवढं बघते. ती भराभर आणि फार सुबक हाताने माती काढत होती, आणि तोंडाने स्वतःशीच पुटपुटत होती. हा रंग बघ, हा काठ बघ, हे इथलं नाहीच, हे बाहेरून आलंय. एवढ्या वर्षांत जयंतरावांनी तिला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. शाळेत असताना ती गणित सोडवायची तेव्हा असंच पुटपुटायची. त्यांना वाटलं की नुसतं बघत राहावं.

मग त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तो मनगटापर्यंत पिवळ्या मातीत होता.

“देवू,” ते म्हणाले, “हात बाहेर काढ.”

“एक मिनिट, बाबा. तो मडका पूर्ण आहे.”

“मडकं ते. आणि हात बाहेर काढ. नांगराच्या थराखाली जायचं नाही.”

देवयानी थांबली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, खुरप्याकडे पाहिलं, आणि मग खाली बसली ती तशीच मातीत फतकल मारून. ती म्हणाली, “मी हे कोणालाच सांगणार नाही, आणि तूपण नाही.”

जयंतरावांनी लगेच कबूल केलं. ते त्यांनी तिच्यापेक्षा जास्त वेळ पाळलं.

पुढचं सगळं तिने नियमाने केलं. फोटो काढले, मोजपट्टी ठेवून पुन्हा काढले, जागेची नोंद केली आणि काउंटीच्या फाइंड्स ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची दखल घेणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन लावला. शनिवार असल्याने आन्सरिंग मशीन लागलं. तिने ओळखीतून दुसरा नंबर मिळवला. तो अधिकारी, रॉवन नावाचा तरुण, मुलाच्या फुटबॉल मॅचला उभा होता. त्याने सांगितलं की मॅच संपली की येतो. तोवर खड्डा उघडा सोडू नका आणि कोणाला काही सांगू नका, नाही तर रात्री चोर येतात.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. जयंतराव धावत पोकॉकबाईंकडे गेले. बाईंनी ताडपत्री दिली, चार विटा दिल्या आणि स्वतःही छत्री घेऊन आल्या. मीनलताईंना फोन गेला, त्या थर्मासभर चहा, थालीपिठं आणि घडीच्या खुर्च्या घेऊन पोचल्या. शेताच्या मधोमध चौघं ताडपत्रीभोवती छत्र्या घेऊन बसली. लांबून रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते काय वाटलं असेल कोणास ठाऊक. पोकॉकबाईंनी थालीपीठ खाऊन बघितलं, ते कशाचं आहे हे विचारलं आणि अजून एक घेतलं. मग म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात या शेतात पेरणी आहे, पण ठीक आहे, ट्रॅक्टर वळसा घालून नेता येईल.

मीनलताईंनी नेमकं काय झालं असं विचारलं. बाप-लेक दोघंही छत्रीखालून टेकडीकडे बघू लागले. मीनलताईंना अंदाज आला आणि त्यांनी तो विषय घरी गेल्यावर काढायचं ठरवलं.

रॉवन आला तेव्हा उजेड कमी व्हायला लागला होता. त्याने ताडपत्री उचलून आत बघितलं, आणि मडक्याच्या बाजूला किती व्यवस्थित खणलंय हे पाहून कौतुकाने विचारलं की मिस्टर सोवनी, हे तुम्ही केलंत का? जयंतरावांनी मुलीकडे पाहिलं. देवयानी म्हणाली की नाही, ते मी केलं, आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणजे अखेर तिनेच सांगितलं. रॉवनने दोघांकडे पाहून मान हलवली आणि पुढचं काही विचारलं नाही.

अशा मडक्यात माणसाची हाडं असण्याची शक्यता होती, त्यामुळे काही परवानग्या घ्याव्या लागल्या. त्यानंतर रॉवनच्या ओळखीची एक टीम येऊन आठवडाभर काम करून गेली. देवयानीला तोवर एडिनबराला परतावं लागलं होतं. जयंतराव रोज जायचे, दोरीच्या बाहेर उभे राहायचे आणि रोज संध्याकाळी मुलीला फोन करून सांगायचे. मडक्यात जळालेली हाडं होती, एका मुलीची, दहा-बारा वर्षांची असावी. कोणीतरी तिला जाळून, अस्थी मडक्यात भरून, वर ब्रोच ठेवला होता. नांगराने तो कधीतरी वर ओढला असणार.

पण जयंतरावांना फोनवर नीट सांगता आली नाही ती गोष्ट वेगळीच होती. मडक्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, गंजलेल्या लोखंडाचे बारीक ठिपके होते. लोखंडाचे सिग्नल जयंतराव मशीनवर बंदच करून ठेवायचे, सगळे डिटेक्टरवाले ठेवतात. आणि चुकून खिळा निघालाच तर कचऱ्याच्या पिशवीत. टीममधल्या बाईने सगळी माती ब्रशने हळूहळू काढली तेव्हा त्या ठिपक्यांचा आकार दिसू लागला. दोन तळ होते. शेजारी शेजारी ठेवलेले, लहान पायांचे. चामडं केव्हाच कुजून गेलं होतं, तळाला ठोकलेले खिळे मात्र जसेच्या तसे होते. मुलीला पुढच्या वाटेला चालताना लागतील म्हणून कोणीतरी तिचे बूट मडक्याजवळ नीट जोडून ठेवले होते.

जयंतराव दोरीपलीकडे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. त्या संध्याकाळी फोनवर ते म्हणाले, “देवू, एक खिळा जरी मी उपटला असता ना.” देवयानी म्हणाली की तू उपटला नाहीस, बाबा, जवळजवळ उपटला होता तो मीच.

कायद्याच्या भाषेत हा खजिना ठरला नाही. सोनं नाही, चांदी नाही. सगळं पोकॉकबाईंच्या मालकीचं, आणि त्यांनी ते म्युझियमला देऊन टाकलं. त्या म्हणाल्या की त्या पोरीला ठेवायला माझ्या घरात जागा कुठे आहे. बुटांचे खिळे मातीच्या ढेकळासकट अलगद उचलून काचेत ठेवले आहेत. उद्घाटनाला आम्ही मंडळाची वीसेक माणसं गेलो होतो. जयंतरावांनी या वेळी कोणालाही कोपऱ्यात गाठलं नाही. माणसं आपण होऊन त्यांना विचारत होती, आणि ते खिळे दाखवून फक्त एवढंच म्हणायचे की नीट बघा, डावा बूट जास्त झिजलाय.

म्हणजे जयंतराव बदलले का, तर हो आणि नाही. क्लबच्या पुढच्या बैठकीत त्यांनी मांडलं की नव्या माणसाला हातात मशीन देण्याआधी दोन दिवसांचं ट्रेनिंग सक्तीचं करावं आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदवलीच पाहिजे. काही जुन्या सभासदांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. महिन्याभराने त्यांच्यापैकीच एकाने, माझ्याही खड्ड्यात माती पिवळी लागलीय, जरा येऊन बघता का, असं विचारायला फोन केला. जयंतराव गेले, बघून आले आणि रॉवनला कळवलं.

लायसन्सला मात्र त्यांचा अजूनही विरोध आहे. सक्तीचं ट्रेनिंग म्हणजे लायसन्सच झालं, असं देवयानी म्हणते. ट्रेनिंग वेगळं आणि लायसन्स वेगळं, असं ते म्हणतात. फरक काय, असं ती विचारते. फरक आहे, असं ते सांगतात. दर रविवारी हे असंच चालतं, आणि मीनलताई आता स्पीकरफोन टेबलावर ठेवून बागेत निघून जातात.

यंदा एप्रिलमध्ये देवयानीच्या ऑफिसने एका टेकडीवर सर्व्हे काढला, जुन्या सैन्याची छावणी होती म्हणतात तिथे. डिटेक्टर चालवणारी, पण सांगितलेलं ऐकणारी माणसं हवी होती. तिने बाबांना बोलावलं. जयंतराव स्वतःच्या खर्चाने, स्वतःचं मशीन घेऊन ट्रेनने गेले. तिने टीमशी त्यांची ओळख करून दिली ती, हे इंग्लंडहून आलेत, तिकडे नियम नसतात, म्हणून यांच्याकडे जरा लक्ष ठेवा, अशी. दोऱ्या ताणून आखलेल्या पट्ट्यांतून सगळ्यांनी सरळ चालायचं होतं. सिग्नल मिळाला की खणायचं नाही, नुसतं छोटं निशाण रोवून पुढे जायचं. जयंतरावांना हे फार जड गेलं. दुपारपर्यंत त्यांना पट्टीबाहेर पाऊल टाकल्याबद्दल दोनदा ओरडा बसला, तोही सगळ्यांसमोर, इंग्रजीत.

घरी आल्यावर त्यांनी मीनलताईंना सांगितलं की साहेब म्हणून पोरगी भलतीच कडक आहे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावलंय, असंही सांगितलं, आणि फ्रिज उघडून बघायला गेले.